एक्सलेटर दिला, गाडी हलली नाही

(ई-रिक्षा दुरुस्त करणारे कारागीर, चालक आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे ऐकू येतं ना? बरं.

आजचा विषय तीन बारीक वायरींचा आहे. ई-रिक्षाच्या हँडलवरच्या मुठीतून निघतात आणि सीटखालच्या कंट्रोलरपर्यंत जातात, त्या तीन. आपण सगळे त्या मुठीला एक्सलेटर म्हणतो, पुस्तकात तिला थ्रॉटल म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरीन, समजून घ्या.

गॅरेजवर तक्रार कशी येते, ते तुम्हाला सांगायला नको. चालक गाडी ढकलत आणतो, घामाघूम झालेला असतो आणि म्हणतो, "भाऊ, गाडी उचलूनच नाही राहिली." बस, एवढंच. आता या एका वाक्यात कमीत कमी आठ-दहा वेगवेगळे आजार बसतात. आणि आपण काय करतो? दोनदा मूठ पिळतो, मोटर हलली नाही की म्हणतो, "कंट्रोलर गेला." चालक बिचारा पैसे जमवतो, नवा कंट्रोलर बसतो, आणि कधी कधी गाडी तरीही हलत नाही. किंवा हलते, आठ दिवस चालते आणि पुन्हा तीच तक्रार. कारण जुना कंट्रोलर चांगलाच होता. तुटली होती एक वायर, हँडलच्या मानेजवळ.

रोजच्या भाड्यावर हप्ता फेडणाऱ्या माणसाचे यात दोन-तीन दिवस जातात. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत चार पैसे जास्तीचे मिळवायचे आणि गाडी नेमकी तेव्हाच उभी, असं झालं तर तो नुसता वायरीचा प्रश्न राहत नाही. पण त्याहून वाईट बाजू दुसरी आहे. याच तीन वायरींतला एक बिघाड असा आहे की त्यात गाडी थांबत नाही, उलट आपोआप पळते. त्याच्याकडे मी येणारच आहे, कारण तो मी स्वतः एकदा ओळखू शकलो नव्हतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटतं, मूठ म्हणजे नळाची तोटी. पिळली की करंट जास्त जातो, सोडली की कमी. तसं नाही. मोटरचा करंट मुठीतून जातच नाही. चार सवाऱ्या बसल्या आणि चढ लागला की मोटर तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. तेवढा करंट मुठीच्या बारीक वायरीतून गेला असता तर हातातच जाळ झाला असता. मुठीतला सेन्सर दहा मिलिअँपिअरच्या आसपास खातो. तो फक्त निरोप देतो, की चालकाला एवढा वेग पाहिजे. द्यायचा की नाही, आणि किती द्यायचा, हे कंट्रोलर ठरवतो.

जुन्या काळी खरंच तोटीसारखं होतं. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली, १९६४ पर्यंत ती चालली. तशा ट्राममध्ये चालकासमोर एक पितळी दांडा असायचा. दांडा फिरवला की आतले जाडजूड संपर्क बदलायचे आणि मोटरचा खरा करंट तिथूनच वळायचा. आता मध्ये निरोप्या आला. सोय झाली, पण निरोप चुकू शकतो हेही त्याच्यासोबत आलं.

मुठीच्या आत काय असतं? फिरणाऱ्या भागावर एक छोटं लोहचुंबक आणि न हलणाऱ्या भागात तीन पायांचा एक सेन्सर, हॉल सेन्सर. हॉल हे माणसाचं नाव आहे. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खावर प्रयोग केला. करंट वाहत असताना आडवं चुंबक धरलं की वर्खाच्या दोन कडांमध्ये थोडा व्होल्टेज तयार होतो, हे त्यानं दाखवलं. तोच गुण आज तुमच्या मुठीत काम करतो. मूठ फिरली, चुंबक जवळ आलं, सिग्नल वाढला. घासणारं काही नाही, त्यामुळे सेन्सर झिजत नाही. काही माल वाहायच्या गाड्यांत आणि जुन्या पायाच्या पेडलमध्ये घासणारा रेझिस्टन्स असतो, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. तो झिजतो, आत धूळ गेली की खरखरतो. आपल्याकडे रिक्षात बहुतेक हॉलचीच मूठ आहे, म्हणून तिच्यावरच बोलतो.

तीन वायरी. लाल वायरीतून कंट्रोलर मुठीला साधारण ५ व्होल्ट देतो. काळी निगेटिव्ह. तिसरी सिग्नलची, ती हिरवी असेल, पांढरी असेल, निळी असेल. रंगावर विश्वास ठेवू नका, कोणी मध्येच दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. मूठ सोडलेली असताना सिग्नलवर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट मिळतात. पूर्ण पिळली की ३.५ ते ४.२ च्या मध्ये कुठेतरी. कंट्रोलर साधारण १.१-१.२ च्या पुढे गेल्यावर मोटर फिरवायला सुरुवात करतो. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण घडण हीच.

आता विचार करा, शून्यापासून सुरू का नाही केलं? मूठ सोडली की ० आणि पूर्ण पिळली की ५, किती सोपं झालं असतं!

आपल्याकडे सोयाबीन, तूर रानडुकरांपासून वाचवायला लोक रात्री जागलीला जातात. एका वावरातून हाक येते, दुसऱ्या वावरातून उत्तर जातं. उत्तर आलं म्हणजे गडी जागा आहे आणि सगळं ठीक आहे. उत्तरच आलं नाही तर? झोपला असेल, किंवा काही झालं असेल. म्हणजे "ठीक आहे" ही हाक वेगळी आणि शांतता वेगळी. सिग्नलचं तसंच आहे. ०.८५ व्होल्ट म्हणजे "मी इथे आहे, वेग नको." ० व्होल्ट म्हणजे हाकच आली नाही: वायर तुटली, किंवा निगेटिव्हला चिकटली. आणि ५ च्या जवळ म्हणजे कोणीतरी ओरडतंय, पण ते मुठीचं बोलणं नाही. लाल वायर सिग्नलला चिकटली असेल किंवा काळी तुटली असेल. चांगला कंट्रोलर खालच्या आणि वरच्या दोन्ही हद्दी बघतो. स्वस्तातला खालचीच बघतो, वरची बघतोच असं नाही. हा फरक डोक्यात ठेवा.

आणखी एक सवय कंट्रोलरची. चावी लावताना मूठ आधीच पिळलेली असेल तर तो गाडी चालू करत नाही. मूठ सोडा, मग पुन्हा द्या, तेव्हाच चालतो. हे तुमच्या जिवासाठी ठेवलेलं आहे. पण मूठ धुळीनं जाम झाली, किंवा आतली स्प्रिंग ढिली पडली आणि सोडल्यावरही सिग्नल १.४ वर अडकला, तर कंट्रोलरला वाटतं, चालकानं मूठ धरून ठेवली आहे. तो हलत नाही. चालक म्हणतो कंट्रोलर मेला. खरं म्हणजे तो शहाणपणानं वागला.

चला, आता मीटर हातात घेऊ. पण त्याआधी जॅक. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, खाली पक्के ठोकळे द्या, पुढच्या चाकाला दगड लावा. एकच चाक उचलून काम करू नका, मध्ये डिफरन्शियल आहे. मोजायचं तर चावी चालू ठेवावी लागणार, आणि चावी चालू असलेली नादुरुस्त गाडी जमिनीवर ठेवून तिच्या पुढे उभं राहायचं नाही. एवढं आज लक्षात राहिलं तरी माझं येणं वसूल झालं.

मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी प्रोब कुठे लावायची? नव्वद टक्के गडबड इथेच होते, म्हणून जरा थांबतो. कंट्रोलरला बॅटरीकडून जाड काळी वायर येते ना, तिथे लावा. मुठीच्या काळ्या वायरीला नाही, आणि चॅसीला तर नाहीच. चॅसी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असेलच असं नाही. लाल प्रोब कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन घालून वायरीला टेकवा. कपलर जोडलेलीच राहू द्या. कपलर काढून मोजलं तर काय कळतं? फक्त कंट्रोलर ५ व्होल्ट देतो की नाही एवढंच.

मी काय चूक केली ते आता सांगतो. सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एक रिक्षा आली, तक्रार होती की मध्येच झटका मारते. मी काळी प्रोब मुठीच्या काळ्या वायरीला लावली, लाल सिग्नलला. ०.८५. पिळलं, ३.६ पर्यंत गेलं, परत आलं. मी म्हटलं, एक्सलेटर ठणठणीत आहे, तुझाच हात जड आहे दादा. गाडी देऊन टाकली. दोन दिवसांनी स्टँडवर गाडी उभी असताना त्यानं सवारीचं पोतं उचलायला अंग वळवलं, हँडल डावीकडे वळलं आणि गाडीनं उडी घेतली. समोरची केळाची हातगाडी उलटली. माणूस नव्हता समोर, म्हणून आज मी हे हसत सांगतोय. पाच मिनिटं आधी तिथे शाळेतून आलेली पोरं उभी होती.

झालं काय होतं? काळी वायर मानेजवळ आतून तुटलेली. हँडल सरळ असताना तारा एकमेकींना टेकायच्या, वळलं की सुटायच्या. काळी सुटली की सेन्सरला निगेटिव्ह मिळत नाही. लाल वायरीतून आलेल्या करंटला बाहेर पडायला एकच वाट उरते, सिग्नलची. मग सिग्नल वर चढतो, पार लालच्या जवळ. त्या कंट्रोलरला वरची हद्द नव्हती, त्यानं ते "पूर्ण वेग" म्हणून वाचलं. आणि ती सुरुवातीची तपासणी, मूठ पिळलेली आहे का, ती फक्त चावी लावताना होते. चावी तर कधीच लागलेली होती.

माझं मोजमाप दोनदा चुकलं. एक, मी हँडल सरळ ठेवून मोजलं. दोन, मी मुठीच्या काळ्या वायरीपासून मोजलं. ती वायर तुटली की मुठीकडचं तिचं टोक सिग्नलबरोबरच वर जातं. दोघांतला फरक बघत बसलो तर फरक लहानच दिसणार. मोजपट्टीच हलत होती आणि मी तिच्यावरचे आकडे वाचत होतो. म्हणून कंट्रोलरच्या जाड निगेटिव्हपासून मोजा, आणि एक मोजमाप आणखी करा: त्या जाड निगेटिव्हपासून मुठीच्या काळ्या वायरीपर्यंत, मुठीच्या टोकाला. तिथे जवळपास शून्य यायला पाहिजे. ०.१ च्या वर काही दिसलं तर काळी वायर नीट नाही.

मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि मानेजवळची वायरिंग हातानं हलवत आकडा बघा. इथे जुना काट्याचा मीटर असेल तर तो काढा. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, क्षणभराचा झटका त्यात सापडत नाही. काटा लगेच थरथरतो. आपल्या वडिलांच्या पेटीत पडलेला तो मीटर भंगारात देऊ नका.

आता आकडे काय सांगतात ते बघू.

लालवर ५ व्होल्टच नाहीत. लगेच कंट्रोलर बदलायला निघू नका. आधी चावीची वायर कंट्रोलरपर्यंत येते का बघा, कारण ती आली नाही तर कंट्रोलर झोपलेलाच राहतो. ती ठीक असेल तर मुठीची कपलर काढा. ५ परत आले? मग मुठीत किंवा वायरीत शॉर्ट आहे. नाही आले? आता मोटरची ती पाच-सहा बारीक वायरींची कपलर काढा. मोटरच्या आतही तीन हॉल सेन्सर असतात, रोटर कुठे आहे हे सांगायला, आणि बहुतेक कंट्रोलरमध्ये त्यांना आणि मुठीला एकाच ठिकाणाहून ५ व्होल्ट जातात. पावसाळ्यात मोटरच्या कपलरमध्ये चिखलपाणी गेलं की तिकडे शॉर्ट होतो आणि इकडे एक्सलेटर मरतो. आजार खाली, दुखतं वर. ही कपलर काढल्यावर ५ परत आले तर ती वाळवा, साफ करा, तुमचा कंट्रोलर वाचला. दोन्ही काढूनही आले नाहीत, तेव्हा कंट्रोलरवर संशय घ्या.

लाल ठीक, पण सिग्नल शून्य. मुठीजवळच्या टोकाला मोजा. तिथे ०.८५ आहेत आणि कंट्रोलरकडे शून्य, तर मधली वायर तुटली. उंदीर हा आपल्याकडचा मोठा मेकॅनिक आहे. गाडी रात्री अंगणात, बाजूला सोयाबीनची पोती. सीटखाली एकदा हात घालून बघा. दोन्हीकडे शून्य असेल तर वायर कुठे निगेटिव्हला घासते का बघा, नाही तर सेन्सर गेला.

सिग्नल ०.८५ वरच बसलाय, पिळलं तरी हलत नाही. याचा अर्थ मुठीतलं चुंबक निसटलं. मूठ बदला. चिकटवण्याच्या नादी लागू नका. जागा दोन मिलिमीटर चुकली की सोडलेल्या मुठीचा आकडाच बदलतो.

सोडल्यावर १.३, १.५, असा चढलेला आकडा. स्प्रिंग, धूळ, किंवा पाणी. गाडी धुताना हँडलवर पंपाचं पाणी मारतात, ते आत जातं. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि पाणी मिळून जी लगदी होते ती थोडी करंट वाहते. लाल आणि सिग्नल शेजारी शेजारी, मग लालमधून थोडं सिग्नलकडे झिरपतं. उन्हात वाळली की गाडी बरी होते आणि चालक म्हणतो, देवाची कृपा. पुढच्या पावसात पुन्हा येते.

एक मजेशीर केस सांगतो, कारंज्याची. गुरुमंदिराकडे भाविक सोडणारी रिक्षा. तक्रार काय, तर "हॉर्न वाजवला की गाडी पुढे सरकते." आजूबाजूचे हसले त्याला. पण तो खरं बोलत होता. कोणीतरी गाण्याचा ॲम्प्लिफायर आणि नवा मोठा हॉर्न बसवला होता आणि दोघांचं निगेटिव्ह, हाताशी सापडली म्हणून, मुठीच्या काळ्या वायरीला पिळून दिलं होतं. आयटीआयच्या पोरांनो, जरा हिशेब करा. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मुठीपासून कंट्रोलरपर्यंत वळणं धरून तीन मीटर. तिचा रेझिस्टन्स साधारण ०.१ ओहम. हॉर्न आणि ॲम्प्लिफायर मिळून ४ अँपिअर. चार गुणिले शून्य पूर्णांक एक, ०.४ व्होल्ट. म्हणजे हॉर्न वाजला की मुठीचा "शून्य" ०.४ नं वर उचलला जातो. मुठीला मिळणारे ५ आता ४.६ च झाले, त्यामुळे तिचा स्वतःचा आकडा थोडा उतरतो, पण कंट्रोलरला एकूण दिसतात जवळपास १.२ व्होल्ट. आणि १.२ म्हणजे काय? "चल." गाडी चालली.

इलाज काय केला, तर हॉर्नची वायर तिथून काढून कन्व्हर्टरच्या निगेटिव्हला नेली. खर्च एक मीटर वायर. मुठीची काळी वायर फक्त मुठीची. तिच्यावर लाइट नाही, हॉर्न नाही, मोबाइलचा चार्जर नाही. निरोप्याच्या डोक्यावर पोतं द्यायचं नाही.

आणि सिग्नल सगळा बरोबर आहे, ०.८५ पासून ३.६ पर्यंत सरळ चढतो-उतरतो, हँडल वळवूनही हलत नाही, तरी गाडी चालत नाही. मग मुठीचा पिच्छा सोडा. तिनं निरोप दिला, पुढे कोणीतरी अडवतंय. ब्रेकचा स्विच बघा: पेडलखाली माती साचून स्विच दाबलेलाच राहिला की कंट्रोलरला वाटतं ब्रेक लावला आहे, तो मोटर तोडतो. मागचा लाल दिवा सतत पेटलेला दिसला तर उत्तर तिथेच. रिव्हर्समध्ये चालते आणि पुढे नाही? मूठ दोन्हीकडे एकच आहे, म्हणजे दोष पुढे-मागेच्या स्विचमध्ये. सपाटीवर चालते, चढावर दम सोडते? बॅटरी मोजा, पण गाडी ओढत असताना. उभ्या गाडीत ५० व्होल्ट दाखवणारी जुनी ॲसिड बॅटरी चढावर धाडकन खाली येते, आणि ४२ च्या आसपास, म्हणजे प्रत्येक बॅटरी साडेदहावर आली की बरेच कंट्रोलर हात वर करतात. मे महिन्यात दुपारी दोनला मंदावते आणि संध्याकाळी बरी होते? कंट्रोलर तापून स्वतःला वाचवतोय. त्याच्यावर टाकलेलं गोणपाट काढा आधी.

मोटारगाड्यांच्या पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात, दोघांचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवलेले. दोघांचं जुळलं नाही की गाडी वेग देत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला दांडा दाबून धरावा लागतो. हात सुटला की ब्रेक लागतात. रिक्षाला यातलं काही नाही. कायद्यानं तिचा वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत ठेवलाय, पण तिच्यात चार माणसं बसतात, आणि तिचा निरोप एकाच वायरीवर चालतो. दुसरा साक्षीदार नाही. त्यामुळे ती वायर कशी जोडली जाते याला फार महत्त्व आहे. पिळून वर टेप, हे चालणार नाही. डाग द्या, वर श्रिंक नळी चढवा. मानेजवळ वायरीला ढील ठेवा, म्हणजे हँडल वळताना ती ताणली जाणार नाही. कपलरचं तोंड खाली ठेवा, पाणी आत न जाता गळून जाईल.

तपासणीसाठी एक छोटी डबी करून ठेवा. ४.७ किलोओहमचा फिरता रेझिस्टन्स, त्याच्या एका टोकाला १ किलोओहम लावून काळीला, दुसऱ्या टोकाला दीड किलोओहम लावून लालला, मधला पाय सिग्नलला. फिरवला की साधारण ०.७ पासून ४ व्होल्टपर्यंत मिळतं, म्हणजे नकली मूठ तयार. चाकं उचललेली, खऱ्या मुठीची कपलर काढून ही डबी कंट्रोलरशी लावा. गाडी नीट फिरली तर कंट्रोलर निर्दोष. दोन मिनिटांत निकाल.

काही प्रश्न आहेत का? हं, तुम्ही बोला.

(श्रोत्यांतून: मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पनं बघितलं तर चालत नाही का?)

नाही. हॉर्नला, लाइटला टेस्ट लॅम्प ठीक आहे. पण १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब चारशे मिलिअँपिअर खातो आणि ही ५ व्होल्टची लाइन त्यासाठी बनलेलीच नाही. चांगला कंट्रोलर बघता बघता मारून टाकाल. साधा डिजिटल मीटर घ्या, तो एका चुकलेल्या कंट्रोलरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

(श्रोत्यांतून एक चालक: सर, रस्त्यात अडकलो की मेकॅनिक लाल आणि हिरवी जोडून देतो. चावीनं चालू-बंद करत घरी नेता येते. म्या दोनदा नेली.)

दोनदा नेली, आणि इथे बसला आहात, बरं वाटलं. पण काय केलं तुम्ही ते बघा. लाल आणि हिरवी जोडली म्हणजे कंट्रोलरला कायम पूर्ण वेग सांगितला. चावी लावली की एकदम झेप, मध्ये काही नाही. चांगला कंट्रोलर तर हे मान्यच करणार नाही. ज्यानं मान्य केलं, तो नेमका वरची हद्द न बघणारा, म्हणजे ज्याच्या हातात आधीच गाडी सुरक्षित नाही. आणि चावी बंद करताना हात हँडलवरून निघतो, वळणावर काय कराल? दोर बांधून ओढत न्या, नाही तर सीटखाली एक जादा मूठ ठेवा, कपलर आधीच लावून. रस्त्याच्या कडेला जुन्या मुठीची कपलर काढायची, ही लावायची, हँडलला बांधायची आणि रिकामी गाडी हळूहळू घरी. सवारी नाही बसवायची. आणि घरी गेल्यावर जुनी मूठ फेकू नका, मला आणून द्या. कुठे तुटली ते उघडून बघू.